पुरुषांनी टाचांचे बूट घालायचे तर: माप, चाल आणि पुण्याचे फुटपाथ

पहिल्यांदा हिल्स घालून घरात चाललो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. बायको ऑफिसात, मुलगा शाळेत, पडदे ओढलेले. हॉल ते स्वयंपाकघर अशा चार फेऱ्या झाल्या असतील, तोच बेल वाजली. डाव्या बुटाची चेन अडकली होती, ती सोडवेपर्यंत बेल तीनदा वाजून झाली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. "सुतार लावलायस का रे? एक ते चार ठोकाठोक करायची नाही असं ठरलंय ना मीटिंगमध्ये?" मी म्हटलं, "सॉरी काकू, पाट ठोकत होतो." आमच्या घरात पाट नाही हे काकूंना पक्कं ठाऊक आहे. पण त्या काही बोलल्या नाहीत.

याला आता आठ वर्षं झाली. मधल्या काळात सात-आठ जोड झाले, दोनदा पाय मुरगळला, एकदा अंगठ्याचं नख काळं पडून गळालं, आणि हीच हौस असलेले आणखी चार-पाच जण ओळखीचे झाले. एक बँकेत, एक आयटीत, एक निवृत्त मास्तर. प्रत्येकाने सुरुवातीला त्याच चुका केल्या होत्या. नव्याने येणाऱ्याने निदान वेगळ्या चुका कराव्यात, म्हणून हे लिहितोय.

का आवडतं, ते मला विचारू नका. कुणाला लांब बुटाचं चामडं पोटरीला घट्ट बसलेलं आवडतं, कुणाला वाढलेली उंची, कुणाला टाचेचा आवाज. त्यावरून माणूस कोण, कुणावर प्रेम करतो, याचा काही पत्ता लागत नाही. आमच्यातले बहुतेक संसारी आहेत, एक जण समलिंगी आहे, मास्तरांनी आजवर सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माझं ठाम मत एकच: ही हौस लोकांच्या नजरेने जितकी मोडत नाही तितकी चुकीच्या मापाने मोडते. तिसऱ्या दिवशी पाय ठणकायला लागतो, गडी म्हणतो "हे आपल्याला शोभणारं नाही", आणि जोड माळ्यावर जातो. शोभण्याचा काही संबंध नसतो, जोड एक नंबर मोठा असतो एवढंच.

आणि मनात अपराधी वाटत असेल तर थोडा इतिहास. उंच टाच मुळात पुरुषांची, तीही घोडेस्वारांची. रिकिबीत पाय टिकून राहावा म्हणून इराणी स्वार टाचेचे बूट घालत. १६०० च्या आसपास ही टाच युरोपातल्या सरदार-दरकदारांनी उचलली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं १७०१ मधलं प्रसिद्ध चित्र बघा, राजेसाहेब लाल टाचांचे बूट घालून ऐटीत पाय पुढे काढून उभे आहेत. पुरुषांनी टाच सोडली ती अठराव्या शतकात. तरी काउबॉय बुटाला ती राहिलीच, स्पेनचा फ्लामेंको नाचणाऱ्या पुरुषांच्या बुटाला आजही असते. आणि स्त्रीभूमिकांसाठी डोक्यावर घेतलेल्या नटाच्या नावाचं रंगमंदिर ज्या गावात १९६८ पासून दिमाखात उभं आहे, त्या गावाने पायातल्या बुटावरून बिचकावं हे जरा विनोदीच.

आधी माप, बाकी सगळं नंतर

दुकानात जाण्याआधी, ऑनलाइन काही बघण्याआधी, घरी पाय मोजा. सकाळी नाही, संध्याकाळी. दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि बूट त्याच पायात घालायचा असतो. कोरा कागद जमिनीला चिकटवा, त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाकडून पेन्सिल अगदी उभी धरून पायाभोवती रेघ मारून घ्या. स्वतः वाकून मारली तर भार बदलतो आणि माप चुकतं. मला हे पहिल्यांदा मुलाने करून दिलं. "बाबा, शाळेचा प्रोजेक्ट आहे का?" असं विचारत. टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं अंगठ्याशेजारचं असतं. मग शिंप्याची टेप चवड्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती फिरवून घेर घ्या. दोन्ही पायांचं. पाय सहसा सारखे नसतात, मोठा पाय असेल त्याचं माप धरायचं.

लांब बूट हवे असतील तर आणखी तीन मापं लागतात. खुर्चीवर बसून तळवा सपाट ठेवून पोटरीचा सर्वांत जाड घेर. जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. आणि जे कुणी सांगत नाही ते तिसरं: चवड्यांवर उभं राहून पुन्हा पोटरीचा घेर. टाच उचलली की पोटरीचा गोळा आवळून वर सरकतो आणि फुगतो. बसून घेतलेल्या मापावर बूट घेतला की चेन बसल्या बसल्या सुरेख लागते आणि उभं राहिल्यावर पोटरीला फास बसतो. क्रिकेट, सायकल, टेकडी यांपैकी काहीही केलेल्या पुरुषाची पोटरी बायकांसाठी शिवलेल्या बुटाच्या नळीत सहज मावत नाही. म्हणून मागे इलॅस्टिकची पट्टी असलेले किंवा पूर्ण लेस असलेले बूट सुरुवातीला बरे. बुटाची उंची गुडघ्यामागच्या घडीपेक्षा दोन-तीन बोटं कमीच असू द्या, नाहीतर बसताना काठ चावतो.

आता नंबर. आपल्याकडे बुटावर छापलेला आकडा बहुधा ब्रिटिश पद्धतीचा असतो. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपियन ४१, ४२ हे आकडे दोन तृतीयांश सेंटिमीटरने वाढतात. अमेरिकन कंपन्यांमध्ये बायकांचा नंबर पुरुषांच्या नंबरापेक्षा साधारण दीडने जास्त असतो, म्हणजे पुरुषांचा ९ तिथे बायकांचा साडेदहा होतो. हा सगळा गोंधळ टाळायचा तर कंपनीच्या तक्त्यात सेंटिमीटरचा रकाना शोधा आणि फक्त तोच बघा. दुकानांत बायकांचे जोड साधारण ४१ पर्यंत सहज मिळतात. पाय ८ नंबरपर्यंतचा असेल तर नशीबवान आहात, माझ्यासारखा ९ असेल तर शोधावं लागतं.

इथे पहिली मोठी चूक होते आणि ती मीही केली. बोटं दुखतात म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो. सपाट बुटात हे चालून जातं. टाचेच्या बुटात पाय उतरणीवर असतो, मोठ्या बुटात तो आणखी पुढे घसरतो, बोटं टोकात जाऊन आदळतात आणि मागे टाचेशी बोटभर फट पडते. माझं नख काळं पडलं ते छोट्या बुटाने नव्हे, दहा नंबरच्या ऐसपैस बुटाने. पुरुषाचा पाय लांबीला पुरतो, अडतो रुंदीला. त्यामुळे नंबर तोच ठेवून रुंद चवड्याचा, गोल किंवा चौकोनी टोकाचा जोड शोधायचा. निमुळत्या टोकाचा मोह पहिल्या वर्षी टाळा.

टाच किती आणि कसली

लांब पायाला एक फायदा आहे. पाचव्या नंबरच्या पायाची लांबी असते साधारण २४ सेंटिमीटर, नवव्याची साडेसत्तावीसच्या आसपास. टाच तीन इंचांचीच असली तरी छोटा पाय जास्त उभा होतो, मोठा पाय कमी. हिशोब केला तर पाच नंबरवाल्या बाईला तीन इंच जसे वाटतात, तसे नऊ नंबरवाल्या पुरुषाला जवळपास साडेतीन इंच वाटतात. याचा अर्थ साडेतीनपासून सुरुवात करा असा नाही. दीड ते दोन इंचांपासून करा. पुढे चवड्याखाली जाड प्लॅटफॉर्म असेल तर तो वजा करायचा: चार इंचांची टाच आणि एक इंचाचा प्लॅटफॉर्म म्हणजे पायाला तीनच इंच.

आकारात ब्लॉक हिल, म्हणजे जाड चौकोनी ठोकळा, सर्वांत सोपा. त्याच्याशेजारी क्युबन हिल, खाली किंचित निमुळती होणारी. ही पुरुषांच्या बुटांत आजही सर्रास असते, लॅटिन नाच शिकणाऱ्या पुरुषांच्या बुटांना साधारण दीड इंचाची असते, त्यामुळे ऑफिसात घातली तरी कुणी मान वळवत नाही. वेज, म्हणजे टाचेपासून चवड्यापर्यंत सलग उतरता ठोकळा, स्थिर असते पण वाकत नाही, खड्ड्यात अख्खा पाय कलंडतो. स्टिलेटो, म्हणजे उंच आणि बारीक टाच, सर्वांत शेवटी.

वजनाचा विचार करा. बायकांची स्वस्त सँडल पन्नास-साठ किलोंच्या हिशोबाने केलेली असते, त्यात पंचाऐंशी किलोंचा माणूस उभा राहिला की टाच मागे सरकते. बुटाच्या मध्यभागी, तळव्याच्या कमानीखाली, आत पोलादी पट्टी असते, तिला शँक म्हणतात. दुकानात बूट जमिनीवर ठेवून आतून कमानीच्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. खाली गेला तर परत ठेवून द्या. मग टाच धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. आणि सपाट काचेच्या काउंटरवर ठेवून मागून डोळा लावून बघा, टाच सरळ उभी आहे ना.

खरेदी

कॅम्पातल्या एका दुकानात मी पहिल्यांदा धीर करून शिरलो. लक्ष्मी रोडवर जायची छाती नव्हती, तिथे दर चार पावलांवर कुणाची तरी मावशी भेटते. सेल्समनने विचारलं, "मॅडमचा नंबर सांगा सर." मी म्हटलं, "मॅडमसाठी नाही, मलाच हवेत." तो माझ्याकडे बघण्याऐवजी माझ्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नऊमध्ये काळा संपलाय. तपकिरी दाखवू?" तपकिरी चांगला नव्हता. पण त्या दिवसानंतर दुकानात मी खोटं बोललो नाही, कारण खोटं बोललं की बूट पायात घालून बघता येत नाही. तेवढ्यासाठी तरी खरं सांगा. आठवड्यातला मधला दिवस, दुपारी चारच्या सुमारास जा, दुकान रिकामं असतं.

ऑनलाइन मागवलेत तर परतीची मुदत आधी वाचा, टॅग काढू नका आणि स्वच्छ चादरीवर चालून बघा, सोलला ओरखडा पडला की परत घेत नाहीत. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवण्याची हुशारी करू नका. आमच्या बँकवाल्याचं पार्सल शिपायाने कौतुकाने सगळ्यांसमोर उघडलं होतं.

तिसरा रस्ता म्हणजे शिवून घेणं, आणि माझ्या मते मोठ्या पायाच्या माणसाला हाच शेवटी स्वस्त पडतो. लांब बूट शिवणारा कारागीर शोधताना "घोडेस्वारीचे बूट करता का" असं विचारा. पुण्यात लष्कर आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोडेस्वारी शिकवतात, कॅम्पात रेसकोर्स आहे, त्यामुळे लांब बूट हा इथे काही परग्रहावरचा प्रकार नाही. कारागिराला एकच गोष्ट नीट विचारायची: उंच टाचेचा लास्ट आहे का. लास्ट म्हणजे ज्यावर बूट ओढून शिवतात तो पायाच्या आकाराचा साचा. टाचेच्या उंचीप्रमाणे साच्याची कमान बदलते. सपाट बुटाच्या साच्यावर शिवून खाली तीन इंचांची टाच ठोकली तर बुटाचं नाक खाली जमिनीत रुततं आणि माणूस पुढे झुकून चालतो. माझा एक जोड असा झालाय. त्यात आता छत्र्या ठेवतो.

चामडं की रेक्झिन? जमेल तर चामडं. ते पायाप्रमाणे थोडं सैलावतं, रेक्झिन सैलावत नाही. जे पहिल्या दिवशी चावतं ते शंभराव्या दिवशीही चावतं.

घरातला सराव

मराठी घरात पहिली अडचण धार्मिक असते: चपला उंबऱ्याबाहेर. त्यावर उपाय म्हणजे एक जोड फक्त घरातला ठेवायचा, जो कधीच रस्त्यावर गेलेला नाही. आईला हे पटायला दीड वर्षं लागलं. "देवाच्या खोलीत नाही न्यायचे," या अटीवर.

दुसरी अडचण काकू. मोच्याकडून सोलला पातळ रबर आणि टाचेखाली मऊ रबरी टिप लावून घ्या, आवाज निम्म्याहून खाली येतो आणि घसरणंही थांबतं. सतरंजी अंथरू नका, ती फरशीवर सरकते. सराव सकाळी किंवा संध्याकाळी करा. दुपारच्या झोपेशी पुण्यात कुणीही खेळू नये.

पहिला आठवडा रोज दहा मिनिटं, बस. आधी नुसतं उभं राहा, भिंतीला पाठ लावून. टाच वर गेली की कंबर आपोआप पुढे झुकते आणि गुडघे वाकतात. पोट किंचित आत, गुडघे सरळ पण ताठ नाहीत, नजर समोर. पायाकडे बघितलं की तोल जातो. मग चालायचं. पाऊल नेहमीच्या दोन तृतीयांश. टाच आधी टेकवा आणि लगेच चवडा, जवळजवळ एकदमच. सपाट बुटासारखं टाचेवरून सावकाश लोळत पुढे गेलात तर बारीक टाच डळमळते. पुरुषांची सवय लांब ढांगा टाकायची आणि पाय बाहेर फेकून चालायची असते, ती इथे घात करते. एका रेषेत कॅटवॉक करायची गरज नाही, फरशीच्या एका ओळीत दोन्ही पाय राहिले तरी पुरे.

जिना हा वेगळा विषय आहे. चढताना चवडा पूर्ण पायरीवर आणि टाच पायरीवर टेकेल एवढी जागा असली तरच टाच टेकवा, नाहीतर चवड्यावरच चढा. उतरताना कठडा धरा आणि अंग किंचित आडवं करा. माझे दोन्ही मुरगळे उतरतानाचे. पाय खाली वळलेला असताना घोट्याचा सांधा मुळातच सैल असतो, हाडाचा अरुंद भाग खोबणीत येतो, आणि पाऊल आत वळायला निमित्त पुरतं.

उंची वाढते हे विसरू नका. आमच्या माळ्याच्या फळीला माझ्या कपाळाची खूण आहे.

बाहेर पडताना

पुण्यात माणूस बाहेर पडतो म्हणजे दुचाकी काढतो. टाचा घालून गाडी चालवू नका. गिअरच्या गाडीवर टाच फूटरेस्टला अडकते आणि मागच्या ब्रेकचा अंदाज चुकतो. स्कूटरवर सिग्नलला पाय टेकवताना टाच खड्ड्यात गेली की गाडीसकट आडवे. बूट पिशवीत, पायात साधे शूज, आणि पार्किंगमध्ये बदलायचे. मागे बसून जातानाही लांब बूट सायलेन्सरला लागू देऊ नका, रेक्झिन क्षणात वितळतं. मोटरसायकलस्वारांचे बिनटाचेचे, गुडघ्यापर्यंतचे संरक्षक बूट मात्र खुशाल घाला. लांब बुटाची हौस असलेल्या कितीतरी बुलेटवाल्यांनी सुरुवात तिथूनच केलीय आणि घरच्यांकडून शाबासकी मिळवलीय ती वेगळी.

माझी सोय झाली ती मेट्रोने. मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे कॉलेज सुरू झाली, आता वनाझहून रामवाडीपर्यंत एका गाडीत जाता येतं. फरशी गुळगुळीत, बसायला जागा, लिफ्ट. सरकत्या जिन्यावर बारीक टाच खाचांत जाते, तिथे चवड्यांवर उभे राहा किंवा लिफ्ट घ्या. अंधांसाठीच्या पिवळ्या उठावदार फरश्यांवरून चालू नका, त्यांच्यासाठी जागा सोडा आणि स्वतःचा घोटाही वाचवा.

पहिल्या फेरीसाठी मॉल, कामाच्या दिवशी दुपारी. सपाट जमीन, एसी, थकल्यावर बाक. दुसरी फेरी जंगली महाराज रस्त्यावर, रविवारी सकाळी लवकर. तिथला फुटपाथ रुंद आहे. फर्ग्युसन रस्त्यावर संध्याकाळी पोरं स्वतःच्याच नादात असतात, तिसरी फेरी तिथे. पेठा, तुळशीबाग, मंडई मात्र विसरा. पेव्हर ब्लॉकच्या फटी, गटाराच्या जाळ्या, निसटलेल्या फरश्या, त्यात माणसं. आणि गणपतीच्या गर्दीत टाच अजिबात नको. सबंध शरीराचा भार नाण्याएवढ्या जागेवर आलेला असतो, तो कुणाच्या पायावर पडला तर बोटच मोडेल.

पिशवीत चप्पल नेहमी. जायचं अंतर निम्म्यावर धरा, कारण परतही यायचं असतं. पहिल्या दोन-तीन वेळा सोबत कुणीतरी घ्या. कुणी काही बोललं तर चालत राहा, मला आजवर सर्वांत तिखट शेरा एका आजोबांनी मारला: "टाच झिजलीय डावी, बदलून घ्या." खरंच झिजली होती. कुणी मागेच लागलं किंवा अंगावर आलं तर वाद घालू नका, दुकानात शिरा आणि ११२ ला फोन लावा. पुरुषाने पायात काय घालावं यावर आपल्याकडे कुठलाही कायदा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांबाबतच्या २०१४ च्या नाल्सा निकालात पेहरावातून स्वतःची लिंगओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला आहे. ऑफिसचा ड्रेसकोड ही वेगळी भानगड, तिथे क्युबन हिलवर भागवा.

कपड्यांचं थोडक्यात. टाच झाकायची असेल तर बूटकट पँट, आणि अल्टर करून घेताना बूट सोबत न्या. सपाट बुटावर मापलेली पँट टाचेवर चार बोटं वर जाते. लांब बूट दाखवायचे असतील तर निमुळती जीन्स किंवा कुर्ता-चुडीदार. आत मोजे हवेत गुडघ्यापर्यंतचे, आणि त्यासाठी महागाचं काही लागत नाही, खेळाच्या दुकानातले फुटबॉलचे मोजे उत्तम.

घरी कसं सांगायचं

माझ्या बायकोला मी सांगितलं नाही, तिला पिशवी सापडली. ती दोन दिवस गप्प होती. तिला वाटलं, दुसरी बाई आहे आणि हे तिचे बूट. नंबर बघितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. "एवढ्या मोठ्या पायाची बाई तू शोधणार नाहीस," म्हणाली. हसण्यावारी गेलं, पण ते दोन दिवस तिला फुकट भोगावे लागले. त्यामुळे पिशवी सापडण्याआधी सांगा. लग्न ठरत असेल तर ठरण्याआधी. लांबलचक कबुलीजबाब नको, "मला हे घालायला आवडतं, कधीपासून आणि कुठे घालतो ते विचार" एवढं पुरतं. मग गप्प बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची. फारच कोंडमारा होत असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट बोलता येतं.

पाय आहेत तर बूट आहेत

रोज तासन्‌तास उंच टाचा घालणाऱ्या बायकांच्या पोटऱ्यांचे स्नायू आखूड आणि टाचेमागची शीर ताठर झालेली आढळली आहे, २०१० मध्ये तसा अभ्यास झालाय. मग सपाट चाललं तरी दुखतं. म्हणून रोज घालू नका, आणि घातल्यावर ताण काढा: भिंतीला हात, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला, तीस सेकंद, प्रत्येक पायाचं तीनदा. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा, घोटा मजबूत होतो. जिथे घासतं तिथे फोड येण्याआधी कागदी पट्टी चिकटवा, फोड आल्यावर नाही.

चवड्याखाली आग होणं, तिसऱ्या-चौथ्या बोटामध्ये मुंग्या येणं, ही थांबायची खूण. दोन आठवड्यांत गेलं नाही तर हाडांच्या डॉक्टरकडे जा आणि कारण खरं सांगा. मुरगळल्यावर फडक्यात बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पाय उशीवर, क्रेप बँडेज. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढाच. मधुमेह असेल आणि पायांची संवेदना कमी झाली असेल तर टाच नकोच, जखम झालेली कळत नाही. मास्तरांनी याच कारणासाठी टाच सोडली, आता सपाट लांब बूट घालतात आणि खूश आहेत.

पावसाळा आणि माळा

पुण्याच्या जुलैमध्ये कपाटातल्या चामड्यावर पांढरी बुरशी धरते. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर काही तासांनी बदला, पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवलं की चामडं तडकतं. बुरशी आली तर समप्रमाणात व्हिनेगर-पाण्याने पुसून, वाळवून मग क्रीम. लांब बुटाची नळी घडी पडून मोडू नये म्हणून आत काहीतरी उभं हवं, त्याला माझ्या अनुभवात गुंडाळलेल्या दिवाळी अंकासारखं दुसरं काही नाही. एका नळीत दोन अंक. जाहिराती भरपूर असलेले घ्या, जाड असतात.

आणि बूट ठेवून ठेवू नका. पॉलियुरेथेनचा सोल न वापरताही हवेतल्या ओलाव्याने कुजतो. माझा एक लाडका जोड दोन वर्षं माळ्यावर होता. मॉलच्या बेसमेंटमध्ये ऐटीत घातला, लिफ्टपर्यंत गेलो, मागे बघतो तर फरशीवर नानकटाईचा चुरा सांडल्यासारखा सोल पडलेला. सिक्युरिटीवाल्याने झाडू आणून दिला. घालत राहिलं, निदान महिन्यातून एकदा बाहेर काढून सोल वाकवून बघितलं, तर अशी फजिती होत नाही.

टाचेखालची टिप मात्र सर्वांत आधी झिजते. खालचा खिळा फरशीला लागून टिकटिक आवाज बदलला की लगेच मोच्याकडे. उशीर केला तर टाचेचं लाकूड झिजतं आणि मग काही होत नाही. डेक्कनला माझे एक ठरलेले काका आहेत. पहिल्यांदा मी डावा बूट तेवढा दिला, झिजलेला तोच होता. त्यांनी तो उलटा धरला, माझ्या पायांकडे बघितलं, परत बुटाकडे बघितलं. म्हणाले, "दुसरा पण काढा साहेब. एकच बदलला तर लंगडत जाल."